बेळगावहून कारवारच्या समुद्रात: कायाकसाठी जीपीएस, होकायंत्र आणि व्हीएचएफ

बेळगाव, खानापूर आणि निपाणीकडची आमची मंडळी हिडकलच्या जलाशयावर वल्हे मारण्याचा सराव करतात आणि पावसाळा सरला की कायाक (वल्ह्याने चालवायची अरुंद होडी) गाडीच्या टपावर बांधून कारवार गाठतात. जलाशयात काठ सतत नजरेच्या टप्प्यात असल्याने दिशेची किंवा संपर्काची चिंता कुणाला नसते, पण कारवारला काळी नदीच्या मुखाशी या दोन्हींचा विचार पाण्यात उतरण्याआधीच करावा लागतो.

गार्मिनचा ईट्रेक्स २२एक्स हा हातात मावणारा जीपीएस या कामाला मला सर्वांत उपयुक्त वाटला. पडदा २.२ इंचांचा, म्हणजे लहानच, पण तो स्पर्शाऐवजी बटणांवर चालतो. प्लॅस्टिकच्या पिशवीतला मोबाईल खाऱ्या पाण्याने ओला झाला की बोटांना दाद देत नाही, तिथे ही बटणे निमूटपणे काम करतात. दोन पेन्सिल सेलवर तो २५ तास चालतो असे कंपनी सांगते, आणि हे सेल सदाशिवगडच्या किराणा दुकानातही मिळू शकतात. त्याचा खरा उपयोग ओहोटीच्या वेळी कळतो. कारवारच्या किनाऱ्यावरून उत्तरेला देवबागकडे निघाल्यावर कायाकचे नाक उत्तरेलाच असते, परंतु नदीचे पाणी समुद्राकडे ओढत असल्यामुळे पडद्यावरची रेघ वायव्येला सरकताना दिसते. नाकाची दिशा आणि प्रत्यक्ष वाटचाल यांतला हा फरक नुसत्या डोळ्यांना फार उशिरा उमगतो, आणि उधाणाच्या दिवसांत तर तो अधिकच वाढतो. उणिवा मात्र आहेत. हा जीपीएस पाण्यावर तरंगत नाही, म्हणून दोरीने बांधून ठेवावाच लागतो, आणि त्यातला नकाशा जमिनीवरच्या भटक्यांसाठी असल्याने पाण्याची खोली किंवा बुडालेले खडक तो दाखवत नाही.

शिवाय या मॉडेलमध्ये इलेक्ट्रॉनिक होकायंत्र नाही (ते ३२एक्समध्ये आहे), त्यामुळे थांबलेल्या कायाकवर तो दिशा सांगू शकत नाही. म्हणून कायाकच्या पुढच्या डेकवर, म्हणजे वरच्या पृष्ठभागावर, बसवायचे द्रवभरले होकायंत्र मी अनावश्यक मानत नाही. सेल संपण्याचे भय नसलेले ते एकमेव साधन आहे. मात्र त्याच्या खालच्या कप्प्यात लोखंडी स्टोव्ह ठेवला किंवा शेजारी व्हीएचएफ संच (समुद्रावर बोलण्यासाठीचा बिनतारी संच) अडकवला, तर संचाच्या स्पीकरमधले चुंबक सुईला बिनदिक्कत फसवते. संचाची जागा लाइफ जॅकेटच्या खिशात.

व्हीएचएफविषयी विक्रेते वॅटचा आकडा मोठ्याने सांगतात, पण ५ वॅटचा हातातला संच किती दूर पोहोचेल हे प्रामुख्याने अँटेनाच्या उंचीवर ठरते. बसलेल्या माणसाची अँटेना पाण्यापासून जेमतेम एक मीटर उंच असते, तेव्हा तिचे क्षितिज, म्हणजे लहरी सरळ पोहोचण्याची हद्द, सुमारे ४ किलोमीटरवर संपते. दोन कायाकींमध्ये शांत समुद्रावरही ८ किलोमीटरच्या पुढची अपेक्षा धरू नये, आणि लाटांच्या खळग्यात गेल्यावर त्याहूनही कमी. उलट १०० मीटर उंचीवर अँटेना असलेल्या किनाऱ्यावरच्या केंद्राशी तत्त्वतः ४५ किलोमीटरपर्यंत बोलता येते, आणि १५६.८ मेगाहर्ट्झवरचे चॅनेल १६ हे संकटाच्या हाकेसाठी राखलेले असल्याने ते केंद्र तिथे ऐकत असण्याचा संभव असतो. तरंगणारा संच घ्यावा, परंतु दूरसंचार विभागाचा परवाना काढल्याशिवाय तो वापरू नये. ही कटकट एकट्याने सोसण्यापेक्षा गटाने मिळून केलेली बरी.

उपग्रहावरून संदेश पाठवणारी यंत्रे परदेशी कायाकपटूंच्या यादीत हमखास असतात. भारतात मात्र परवानगीविना ती बाळगणे बेकायदेशीर असून विमानतळांवर पर्यटकांना त्यासाठी अडवलेही गेले आहे, त्यामुळे परदेशातल्या नातलगाने भेट म्हणून पाठवायची म्हटले तरी नकोच म्हणावे. त्यापेक्षा किनाऱ्यावर थांबणाऱ्या माणसाकडे परतण्याची वेळ, जाण्याचा मार्ग आणि तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक लिहून द्यावा, आणि ठरलेल्या वेळेनंतर किती वाट पाहून फोन करायचा हेही त्याच्याशी आधीच ठरवावे.