मानेला गाठ लागत नाही, तरी मानेचं ऑपरेशन आत्ताच करावं का?

जिभेवर किंवा गालाच्या आत छोटा कॅन्सर. मान चाचपली तर साफ, सोनोग्राफीतही काही नाही. तरी सर्जन म्हणतात, तोंडासोबत मानेच्या गाठीही (प्रत्येकाच्या मानेत असणाऱ्या लहान लसिका ग्रंथी, लिम्फ नोड) काढू. ठाण्याहून लोकलने खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकला (टाटा मेमोरियलचं केंद्र) जाताना अनेक कुटुंबांत याच निर्णयावर चर्चा चालते: काढायच्या, की वाट बघायची?

उत्तर आपल्याच मुंबईतून आलं. टाटा मेमोरियलने सुरुवातीच्या टप्प्यातल्या अशाच रुग्णांच्या दोन गटांची तुलना 2015 मध्ये प्रसिद्ध केली. गाठी लगेच काढलेल्यांपैकी तीन वर्षांनी 80 टक्के हयात होते; थांबून, गाठ दिसल्यावरच मानेचं ऑपरेशन केलेल्यांपैकी 67.5 टक्के. आजार न उलटता राहिलेले 69.5 विरुद्ध 45.9 टक्के. आणि थांबणाऱ्यांच्याही नियमित तपासण्या होत होत्याच.

एवढा फरक का? हाताला लागेपर्यंत गाठ बरीच पुढे गेलेली असते. त्याच बाजूची एकच, तीन सेंटिमीटरपर्यंतची गाठ म्हणजे एन1 (गाठींचा टप्पा; आकडा मोठा, तितका आजार पुढे). एकाहून जास्त झाल्या की एन2. कॅन्सर गाठीचं आवरण फोडून बाहेर आला, तर बहुतेक वेळा थेट एन3बी. मग रेडिएशनसोबत किमोही लागते.

थांबण्याच्या बाजूचा मुद्दाही खरा आहे. लगेच काढलेल्या दहांपैकी साधारण सातांच्या गाठींत कॅन्सर सापडत नाही, आणि त्यांनाही खांद्याचं दुखणं, हात वर उचलताना त्रास, मानेची बधिरता सोसावी लागू शकते. फिजिओथेरपीने बऱ्याच जणांना फरक पडतो. पण उशिरा दिसलेल्या गाठीची भरपाई तितकी सोपी नसते, म्हणून माझा कल स्पष्टपणे लगेच काढण्याकडे आहे.

कॅन्सर अगदी उथळ, तीन मिलिमीटरपेक्षा कमी खोल असेल आणि रुग्ण प्रत्येक तपासणीला नक्की येणार असेल, तर थांबण्याबद्दल सर्जनशी बोलायला हरकत नाही. सेंटिनेल नोड बायोप्सी हा मधला मार्ग: कॅन्सर ज्या गाठींत आधी पोहोचतो, त्या मोजक्याच गाठी आधी तपासायच्या. फ्रान्स आणि जपानमधल्या अभ्यासांत ती सरसकट गाठी काढण्यापेक्षा कमी पडली नाही, मात्र त्यासाठी न्यूक्लिअर मेडिसिन विभाग आणि सरावाची टीम हवी.

ओपीडीत कॅन्सर किती मिलिमीटर खोल आहे ते आधी विचारा. ऑपरेशननंतरच्या रिपोर्टमध्ये किती गाठी तपासल्या तेही बघा. अठरा किंवा जास्त असतील तर मानेची तपासणी नीट झाली असं मानतात.