चेकवरची तारीख वाचा, मग किल्ल्या घ्या

भाडं १४,०००. पाच महिन्यांचे थकले ७०,०००, वर महावितरणचं बिल ६,३४०. डिपॉझिटचे ४०,००० वळते करून येणं राहिलं ३६,३४० रुपये. तेवढ्याच रकमेचा चेक २० मे रोजी घेतला आणि भाडेकरूला जाऊ दिलं. करार नोंदणीकृत होता, पोलिसांकडे त्याची माहिती भरलेली होती. अगदीच गाफील नव्हतो. तिसऱ्या महिन्यातच डिपॉझिट संपलं, तेव्हाच हालायला हवं होतं, हे मात्र खरं.

रक्कम वाचली, सही तपासली. तारीख वाचली नाही! ती १० मार्चची होती. चेक चालतो तीन महिने, म्हणजे हा १० जूनला मेला. बँकेतून २६ मे रोजी परत आला, शेरा 'अपुरी शिल्लक'. मग सुरू झालं: "पगार झाला की टाका, काका", "या सोमवारी नक्की". चेक न वठल्याबद्दलच्या, म्हणजे परक्राम्य संलेख कायद्याच्या कलम १३८ ची नोटीस बँकेचा परतीचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत निघावी लागते. २५ जून असा गोडीगुलाबीतच गेला. चेक मुदतीत असता तर पुन्हा भरून नवा मेमो, नवे ३० दिवस मिळाले असते. जुनी तारीख टाकली ती त्यासाठीच. नोटीस गेली असती तर त्याला पैसे भरायला १५ दिवस, पुढे कोर्टात तक्रारीला एक महिना. तक्रारीचा उशीर कोर्ट माफ करू शकतं, नोटिशीचा नाही.

चौकीत एकच पालुपद: "दिवाणी मॅटर आहे, कोर्टात जा." चेक देतानाच तो वठणार नाही हे ज्याला ठाऊक, त्यानं फसवणूक केली नाही तर काय केलं? चार हेलपाट्यांनी अर्जाच्या प्रतीवर शिक्का मिळाला, तोही मागून घेतला म्हणून. तो सोडू नका. कुणी म्हणालं, भाड्याची जागा रिकामी करून देणाऱ्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे जा. भाडे नियंत्रण कायद्याचं कलम २४ मुदत संपूनही जागा अडवून बसलेल्यासाठी आहे. निघून गेलेल्याची थकबाकी तिथे वसूल होत नाही, आणि हे खिडकीवर कुणी आपणहून सांगत नाही. उरतो पुण्यात लघुवाद न्यायालयातला दावा. त्याचं समन्स करारातल्या गावच्या पत्त्यावर जाणार आणि 'येथे राहत नाही' म्हणून परत येणार. नवा पत्ता आणि नोकरीचं ठिकाण सामान उचलण्याआधीच लिहून घ्या.

थकबाकी कबूल केल्याचं सहीचं पत्रही घ्या, चेक असला तरी. वीज-पाणी तोडू नका, केस तुमच्यावरच उलटते. दाव्याची मुदत तीन वर्षं, पण प्रत्येक महिन्याच्या भाड्याची वेगळी मोजतात. सगळ्यात जुना महिना आधी बुडतो.