कॉफीच्या रंगाचे डाग: वाट पाहावी की जनुकचाचणी करावी?

मुलाच्या अंगावर फिकट तपकिरी रंगाचे एक-दोन डाग असतील, तर ठरवण्यासारखे काही नसते. असे डाग कित्येक निरोगी माणसांच्या अंगावर आढळतात. लेझरने ते फिकट करून घेण्याचा मोहही आवरावा, कारण ते पुष्कळदा परत येतात. अडचण सुरू होते ती सहाच्या आकड्यापाशी. वयात येण्यापूर्वी पाच मिलिमीटरपेक्षा मोठे सहा किंवा अधिक डाग असले की डॉक्टर न्यूरोफायब्रोमॅटोसिस टाइप १ या, नसांवर गाठी वाढवणाऱ्या जनुकीय आजाराची शंका घेतात आणि पालकांपुढे दोन पर्याय ठेवतात: दरवर्षी तपासत राहणे, किंवा रक्त देऊन जनुकचाचणी करून घेणे. आम्ही दोन वर्षे पहिला पर्याय पाळला आणि मग दुसऱ्याकडे वळलो.

वाट पाहण्याच्या बाजूने बोलण्यासारखे बरेच आहे आणि ते मला आजही पटते. या आजाराच्या इतर खुणा वयाबरोबर आपोआप दिसू लागतात: काखेत आणि जांघेत तिळासारखे बारीक ठिपके बहुधा शाळेत जाण्याच्या वयापर्यंत येतात, तर बुबुळावरच्या लिश नावाच्या बारीक गाठी त्याहून थोड्या उशिरा, स्लिट लॅम्प या नेत्रतपासणीच्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. शिवाय डोळ्याच्या नसेवरील गाठीचा धोका मुख्यतः सात वर्षांच्या आत असल्यामुळे नेत्रतपासणी, आणि तिच्या जोडीला रक्तदाब, पाठीचा कणा व उंची यांवर लक्ष, हे सारे अहवाल हाती असो वा नसो, करावेच लागते. मग सुई कशाला टोचायची, हा प्रश्न अगदी रास्त आहे.

मला त्रास झाला तो मोजणीचा. एका डॉक्टरांना मुलीच्या अंगावर सात डाग दिसले, दुसऱ्यांना पाच. तिसऱ्यांनी पारदर्शक पट्टी डाव्या मांडीवर ठेवली आणि एका डागापाशी बराच वेळ थांबून "पाच म्हणू या" असे म्हटले. डाग पाच मिलिमीटरचा की त्याहून मोठा, यावर सगळे अडलेले, आणि मूल एका जागी स्थिर बसत नाही. त्यात डाग मुलाबरोबर वाढतात, आणि मे महिन्यात ऊन लागून कातडी रापली की फिकट डाग दिसेनासे होतात. पुढे पुढे आम्ही घरीही मोजू लागलो. मुलीने आंघोळीच्या वेळी हात वर करून "बाबा, आज किती?" असे विचारले, त्याच आठवड्यात मी चाचणीसाठी वेळ घेतली.

मोजणीने आणखी एक प्रश्न कधीच सुटला नसता. लेजियस सिंड्रोम या सौम्य विकारातही हुबेहूब असेच डाग आणि काखेतले ठिपके येतात, पण न्यूरोफायब्रोमा, म्हणजे नसांवरच्या गाठी, होत नाहीत. त्याचे जनुक वेगळे, स्प्रेड१ नावाचे. ते 2007 मध्ये उजेडात आले. केवळ कातडी पाहून या दोहोंतला फरक लहान वयात सांगता येत नाही. 2021 मध्ये निदानाचे निकष सुधारले तेव्हा एनएफ१ या न्यूरोफायब्रोमॅटोसिसच्या जनुकातील रोगकारक बदल हाही एक निकष धरला गेला, तो मला योग्य वाटतो.

चाचणीच्या उणिवाही आहेत. खर्च आम्हाला पदरचा करावा लागला. अहवालात कधी कधी "अर्थ अनिश्चित" असा बदल निघतो, आणि मग पालक होते त्याहून अधिक गोंधळतात. डाग शरीराच्या एकाच भागात असतील, तर रक्तात काहीच सापडले नाही असेही होऊ शकते. म्हणून नमुना देण्यापूर्वी प्रयोगशाळेला दोन गोष्टी विचारून घ्याव्यात: दोन्ही जनुके तपासणार का, आणि जनुकाचा मोठा तुकडा गळालेला असेल तर तो त्यांच्या पद्धतीत दिसेल का.

आमच्या अहवालात एनएफ१ मध्येच बदल निघाला. मग आम्हा दोघांचे रक्त तपासले; आमच्यापैकी कोणातही तो नव्हता. या आजाराच्या साधारण निम्म्या रुग्णांत बदल असाच नव्याने झालेला असतो. आई किंवा वडिलांना हा आजार असता, तर पुढच्या प्रत्येक अपत्याला निम्मी शक्यता राहिली असती. आमच्या बाबतीत ती फार कमी असल्याचे डॉक्टरांनी सांगितले. दुसऱ्या मुलाचा विचार त्यानंतरच घरात मोकळेपणाने होऊ लागला. वर्षाची तपासणी सुरूच आहे, नेत्रतज्ज्ञांकडे दिवाळीच्या सुट्टीत जातो, पण आता कोणी पट्टी काढत नाही.