फक्त आपल्या बाजूचा एजंट घेतला, आठ महिन्यांनंतरचा अनुभव

आठ महिने झाले घर घ्यायला एजंट ठरवून, त्यातले शेवटचे तीन महिने आम्ही नव्या घरात राहतोय. मुद्दाम थांबले होते लिहायला, कारण सौदा होईपर्यंत सगळेच गोड बोलतात, खरं काय ते राहायला गेल्यावर कळतं.

आधी वेगळा एजंट घेतलाच नव्हता. जाहिरातीतल्या नंबरवर फोन केला, तो माणूस घर दाखवायला आला, वागायला इतका चांगला की आम्ही त्याला आपलाच समजलो आणि बोलता बोलता नवऱ्याने सांगून टाकलं की अगदी ताणलं तर एवढ्यापर्यंत जाऊ. झालं! मालक त्या आकड्याच्या खाली यायलाच तयार नाही. रात्रभर झोप नाही मला. अहो तो विकणाऱ्याने नेमलेला माणूस, मालकाला जास्तीत जास्त मिळवून देणं हेच त्याचं काम, त्याला दोष तरी काय देणार. ते घर सोडून दिलं.

मग तिघांना भेटलो आणि तिघांना एकच प्रश्न विचारला: आम्हाला आवडलेलं घर तुमच्याच ऑफिसकडे विकायला असेल तर तुम्ही कोणाचे? एकजण म्हणाला दोघांचा, तुमचाच फायदा, काम पटकन होतं. दुसऱ्याने विषयच बदलला. तिसऱ्या बाई म्हणाल्या, तसं झालं तर आधी लेखी कळवीन आणि तुम्हाला दुसरा एजंट घ्यायची मोकळीक राहील, आणि करारात तसं लिहूनही दिलं. त्यांनाच घेतलं.

करार मात्र बसून वाचा. आमच्यात सहा महिन्यांची मुदत होती, त्या काळात दुसऱ्या कोणाकडे जायचं नाही, आम्ही ती दोन महिन्यांवर आणली आणि नंतर काम आवडलं म्हणून वाढवली. मुदत संपल्यावरही घर घेतलं तर फी द्यायची असं एक कलम असतं, ते एजंटने स्वतः दाखवलेल्या घरांपुरतंच ठेवून घ्या. (अमेरिकेत तर 17 ऑगस्ट 2024 पासून रिअल्टर म्हणजे घरांच्या एजंटांच्या संघटनेच्या नियमाने घर बघायला जायच्या आधीच असा लेखी करार लागतो, फी किती तेही त्यातच.) फीबद्दल एक हिशोब सांगते. फी 2 टक्के असेल आणि घासाघीस करून भाव 100 रुपयांनी उतरवला तर आपले 100 वाचतात, एजंटचे 2 जातात. म्हणजे त्याचं नुकसान किरकोळच, पण भावासाठी भांडण्यात महिना गेला तर तो महिना त्याचा जातो, म्हणून त्याला सौदा लवकर उरकण्यात जास्त रस. आम्ही फी म्हणून ठरावीक रक्कम ठरवली, भाव काहीही होवो.

बाईंची खरी किंमत कळली ती चौथ्या घरात. आम्ही दोघं बाल्कनीत उभं राहून खुर्च्या कुठे ठेवायच्या ते ठरवत होतो, बाई आतल्या खोलीत भिंतीला उलटा हात लावून उभ्या. खोलीच्या तीन भिंती जुन्या रंगाच्या आणि कपाटामागची तेवढी ताजी रंगवलेली. मालकाला विचारून कपाट पुढे ओढायला लावलं, तर खाली फरशीच्या कडेला पोपडे पडून रंगाचा भुगा साचलेला, वरच्या मजल्याच्या बाथरूमचं पाणी झिरपत होतं. म्हणाल्या, हे घेऊ नका. तयार गिऱ्हाईक हातात असताना! त्या क्षणी माझा विश्वास बसला, आणि पुढच्या दोन घरांनाही त्यांनीच नाही म्हटलं. शेवटी जे घेतलं त्याची ऑफर देताना आजूबाजूला गेल्या काही महिन्यांत प्रत्यक्ष झालेल्या सौद्यांचे आकडे समोर ठेवले, जाहिरातीतले नाही, मालक त्यावरच खाली आला.

तक्रारी पण आहेत. मेसेजला उत्तर कधी कधी दोन दोन दिवस नाही, आणि घराची तपासणी त्यांच्या ओळखीच्याच माणसाकडून करा असा आग्रह फार. ते आम्ही ऐकलं नाही, बाहेरचा माणूस आणला, कारण एजंटकडून कामं मिळणारा माणूस एजंटचा सौदा मोडेल असा रिपोर्ट कशाला देईल. थोड्या नाराज झाल्या, पण रिपोर्टमध्ये गच्चीचा पाइप तुंबलेला निघाला तेव्हा तो मालकाकडून ताबा घ्यायच्या आधी दुरुस्त करून घेतला तो त्यांनीच.

आता धाकटा भाऊ घर बघतोय. त्याला बाईंचा नंबर दिलाय, पण सांगितलंय की अजून दोघांना भेट आणि तिघांनाही तोच प्रश्न विचार.