क्रुगरमध्ये स्वतःची गाडी आणि ८×४२ दुर्बीण: उन्हाळा-हिवाळा वापरल्यावर

जोहान्सबर्गला राहतो, त्यामुळे सुट्टी जोडून आली की एन-४ महामार्ग धरून क्रुगर राष्ट्रीय उद्यान गाठायचं हे ठरलेलंच. या फेऱ्यांसाठी गेल्या डिसेंबरात ८×४२ दुर्बीण (आठपट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग ४२ मिलिमीटरचं) घेतली. तेव्हा इथे उन्हाळा आणि पाऊस एकत्रच असतो, गवत खिडकीच्या वर गेलेलं. आता कोरडा हिवाळाही तिच्यासोबत काढलाय, म्हणून लिहितोय.

दुकानदाराचा आग्रह १०×४२चा होता. पण इथे ताडोबासारखी जिप्सी आणि सोबत गाइड असा प्रकार नाही (गाइडसह सफारी मिळते, पण खरी मजा आपली गाडी आपण चालवण्यात). डांबरी रस्त्यावर ताशी ५०, कच्च्यावर ४०, आणि ठरावीक जागा सोडल्या तर गाडीतून उतरायचं नाही. म्हणजे दुर्बीण धरायची ती स्टिअरिंगमागे अवघडून, मान वाकडी करून. अशा वेळी दहापट मोठं दिसण्यासोबत हाताची थरथरही दहापट होते. आठपटीत चित्र टिकतं आणि आवाकाही मोठा मिळतो. इंजिन मात्र बंद करा, नाहीतर कुठलीही दुर्बीण कुचकामी.

दुसरा मुद्दा उजेडाचा. ४२ला ८ने भागलं की सव्वापाच येतात, १०ने भागलं तर ४.२. डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशझोताचा हा मिलिमीटरमधला व्यास. दुपारी फरक कळतही नाही. पण गेट उघडल्यानंतरचा आणि बंद होण्याआधीचा अर्धा-पाऊण तास, म्हणजे बिबट्याची वेळ, तिथे कळतो. स्कुकुझा ते लोअर साबी या कॅम्पांमधला नदीकाठचा रस्ता मोठ्या झाडांचा. एका सकाळी पुढे चार गाड्या थांबलेल्या, सगळे वर बघतायत, आम्हाला नुसती फांदी. दुर्बिणीतून आधी लोंबणारी शेपटी दिसली, मग ठिपके, मग दुबेळक्यात अडकवलेला इम्पाला (इथलं हरणासारखं जनावर). मागच्या सीटवरून बायको "दे ना, दे ना" करत होती, ते वेगळं.

गेंड्यांच्या बाबतीत तर दुर्बिणीशिवाय अर्धंच दिसतं. सपाट रुंद ओठ म्हणजे पांढरा गेंडा, गवत खाणारा; चोचीसारखा टोकदार ओठ म्हणजे काळा, झुडपं ओरबाडणारा. आणि शिकाऱ्यांपासून वाचवण्यासाठी शिंग कापून ठेवलेलं खुंटही स्पष्ट दिसतं. बघवत नाही, पण दिसतं.

आता तक्रारी. उजव्या डोळ्याकडची फिरवायची रबरी कडा ढिली झालीय, गाडी हादरली की आपोआप आत जाते. चष्मेवाल्यांना ती आत घेऊनच बघायचं असतं, त्यामुळे सांगलीहून आलेल्या बाबांचं काही अडलं नाही, माझं अडतं. क्रुगरमधल्या सातारा कॅम्पजवळच्या एस-१०० सारख्या कच्च्या रस्त्यावर धूळ बारीक पिठासारखी बसते. भिंग शर्टाने पुसू नका, आधी फुंकणीने धूळ उडवा. गळ्यात दिवसभर वजनही जाणवतं. मी खिडकीच्या कडेवर तांदळाची पिशवी ठेवून त्यावर टेकवतो.

मोठ्या लेन्सचा कॅमेरा की दुर्बीण, असं कोणी विचारलं तर मी दोन दुर्बिणी सांगेन. एकीवर घरात भांडणं होतात, शिवाय प्रत्येकाच्या डोळ्याप्रमाणे डावं-उजवं जुळवेपर्यंत रानकुत्री रस्ता ओलांडून गेलेली असतात. दुसरी ८×३२ बघतोय, बायकोच्या हाताला हलकी पडेल अशी.