घेता आलं, विकता आलं नाही: माझे 61,500 रुपये

एकूण 61,500 रुपये गेले. घरी मी अजून 'वीसेक हजार' एवढंच सांगितलंय, इथे खरा आकडा लिहितो.

बीएनबी चेन नावाच्या क्रिप्टो नेटवर्कवरचं, कुत्र्याचं चित्र असलेलं मीम टोकन, म्हणजे इंटरनेटवरच्या गमतीवर काढलेलं क्रिप्टो नाणं. त्याचं नाव लिहून उपयोग नाही, त्याच लोकांनी आता दुसऱ्या नावाने नवं काढलंय. टेलिग्राम ग्रुप मराठीच, अ‍ॅडमिनला सगळे 'दादा' म्हणायचे. पण मी डोळे मिटून पैसे टाकले नव्हते. आधी 2,000 चं टोकन घेतलं, दुसऱ्या दिवशी विकून पाहिलं, 2,140 आले. विकता येतं याची खात्री झाल्यावरच 46,500 टाकले. त्यातले 10,000 मेहुण्याचे, माझ्या शब्दावर दिलेले.

काल विकलं गेलं म्हणून आज विकलं जाईल असं धरून चालू नका. विक्री बंद करणं, तुमच्या वॉलेटचा (क्रिप्टो पाकिटाचा) पत्ता काळ्या यादीत टाकणं, विक्रीवरचा टॅक्स 99 टक्के करणं, हे सगळं कॉन्ट्रॅक्टच्या (टोकन चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) मालकाने स्वतःच्या हातात ठेवलेलं असू शकतं.

मोठी रक्कम टाकायच्या आदल्या रात्री साडेअकरा वाजता मी व्यवहारांची यादी खाली सरकवत बसलो होतो. खरेदी हिरवी, विक्री लाल. हिरवी, हिरवी, हिरवी. शेवटची लाल ओळ दोन दिवसांपूर्वीची, आणि ती माझीच होती, 2,140 ची! त्यानंतर एकही नाही. मला वाटलं, लोकांचा केवढा विश्वास आहे, कुणालाच विकायचं नाही. अरे, कुणाला विकताच येत नव्हतं! 2021 च्या नोव्हेंबरात स्क्विड गेमच्या नावाचं टोकन 2,800 डॉलरच्या वर जाऊन काही मिनिटांत शून्यावर आलं, त्यातही लोकांना विकता येत नव्हतं. ती बातमी मी वाचली होती. तरीही त्या रात्री ती आठवली नाही, याचा राग अजून जात नाही.

विकायला गेलो तर व्यवहार फेल. दादा म्हणाला, स्लिपेज (दिसतो त्यापेक्षा किती टक्के कमी भाव चालेल ते) 49 कर. केलं, पुन्हा फेल, गॅस (नेटवर्कची फी) मात्र दर वेळी कापला. मग म्हणाला, वॉलेट व्हेरिफाय करायला 15,000 चं बीएनबी (त्या चेनचं स्वतःचं नाणं) पाठव. पाठवलं. स्क्रीनवर 4,18,000 दिसत असताना 15,000 किरकोळ वाटतात. चौथ्या दिवशी त्यांनी लिक्विडिटी (ज्यातून विकणाऱ्याला पैसे मिळतात तो साठा) काढून घेतली आणि ग्रुपमधून मला काढलं. विकायला पैसे मागितले की तिथेच थांबा, एक रुपयाही देऊ नका.

1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार क्रमांक मिळाला. पोलीस ठाण्यात तीन चकरा मारल्या. पहिल्यांदा, 'साहेब बंदोबस्ताला गेलेत.' दुसऱ्यांदा, 'क्रिप्टो? ते बेकायदेशीर आहे ना? उलट तुमच्यावरच केस होईल.' बेकायदेशीर असेल तर 1 एप्रिल 2022 पासून त्याच्या नफ्यावर सरकार 30 टक्के कर कसा घेतं? यूएसडीटी (डॉलरच्या भावाला बांधलेलं क्रिप्टो नाणं) देऊन बीएनबी घेतलं तेव्हा माझा 1 टक्का टीडीएस कापला, 465 रुपये. तो घेताना सरकारला सगळं दिसतं! आणि हा तोटा दुसऱ्या कशातूनही वजा करता येत नाही. तिसऱ्यांदा विचारलं, 'पैसे कोणत्या बँक खात्यात गेले?' खातं नाही, वॉलेटचा पत्ता आहे, हे मी चार वेळा सांगितलं. बीएससीस्कॅनवरचा (त्या चेनवरचे व्यवहार दाखवणाऱ्या साइटवरचा) प्रत्येक व्यवहार छापून नेला होता, 11 पानं. ती उघडलीसुद्धा नाहीत. मला म्हणाले, 'शिकलेले असून असं कसं करता?' मी चोर पकडायला सांगायला गेलो होतो की बोलणी खायला?

होल्डर्सची, म्हणजे टोकन कुणाकडे किती आहे याची, यादी आधी बघा. आमच्या टोकनचा मोठा हिस्सा एकाच वॉलेटात होता. लिक्विडिटी लॉक आहे का आणि किती दिवस, तेही बघा. तक्रारीनंतर मला 'पैसे परत मिळवून देतो, आधी 5,000 भरा' असे दोन फोन आले. तीही तसलीच टोळी.

मेहुण्याचे 10,000 पगारातून फेडतोय. या महिन्यात 4,000 दिले. त्याने मोजले नाहीत, तसेच खिशात ठेवले आणि चहा न घेताच गेला.