झायन की मोॲब: ट्रेलर घेऊन युटाच्या वाळवंटात जाताय, तर मुक्काम कुठे टाकाल?

आठवडाभराची सुट्टी, गाडीमागे वीस-पंचवीस फुटी ट्रेलर, गाडीत मुलं आणि बरेचदा भारतातून आलेले आई-बाबा. अमेरिकेतल्या अशा मराठी कुटुंबाने दक्षिण युटाचा बेत आखला की पहिला वाद एकच: झायन-ब्राइस या राष्ट्रीय उद्यानांची बाजू धरायची की मोॲब गावाची, म्हणजे आर्चेस आणि कॅन्यनलँड्स या उद्यानांची? फोटो बघून हे ठरवू नका. लाल खडकांचं वैभव दोन्हीकडे एवढं आहे की कुठेही गेलात तरी डोळ्यांचं पारणं फिटेल. ट्रेलरवाल्यांनी ठरवायचं ते वेगळ्याच गोष्टींवर. ट्रेलर रात्री उभा कुठे राहणार, तिथे वीज-पाणी आहे का, आणि तो तिथे सोडून दिवसभर फिरायचं कसं?

कारण या पार्कांमध्ये ट्रेलर घेऊन फिरता येत नाही. बघण्याच्या ठिकाणची पार्किंग साध्या गाड्यांनाच पुरत नाही, तिथे ट्रेलर वळवायला जागा कुठली? ट्रेलर म्हणजे मुक्कामाचं घर, तो एकदा लावायचा आणि सोडवलेल्या गाडीने फिरायचं, असंच गणित धरा. मोटरहोम भाड्याने घेणार असाल आणि सोबत वेगळी गाडी नसेल, तर इथेच निम्मा निर्णय झाला असं समजा: झायन. तिथे कॅम्पग्राउंडपासून चालत जाऊन शटल, म्हणजे पार्कची बस, पकडता येते. मोॲबला मात्र रोज सकाळी घर आवरून, नळी-तारा काढून, तेच घर चालवत आर्चेसमध्ये न्यावं लागेल.

जागा मिळणं

झायनमध्ये ट्रेलरवाल्यांचा खरा आधार वॉचमन कॅम्पग्राउंड. त्याच्या ए आणि बी लूपमधल्या (भागांमधल्या) जागांवर विजेचं हुकअप, म्हणजे ट्रेलरला थेट जोडणी, आहे. पाण्याचं आणि सांडपाण्याचं हुकअप जागेवर नाही, पण पाणी भरायची सोय आणि सांडपाण्याची टाकी रिकामी करायचं डम्प स्टेशन तिथेच आहे. बुकिंग रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर सहा महिने आधी, पूर्व किनाऱ्याच्या वेळेने सकाळी १० वाजता उघडतं. कॅलिफोर्नियात तेव्हा ७ वाजलेले असतात. एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबरच्या शनिवार-रविवारसाठी त्या वेळी लॉग-इन करून तयार बसावं लागतं. झायन २०२४ मध्ये ४९ लाखांहून जास्त लोकांनी पाहिलं आणि त्यातली बहुतेक गर्दी एका अरुंद दरीत असते, हे लक्षात घेतलं की ही धावपळ का ते समजतं.

वॉचमन हुकलं तर झायनच्या बाजूचे पर्याय भराभर कमी होतात. स्प्रिंगडेल गावात पार्कच्या दारालगत खासगी आरव्ही पार्क, म्हणजे ट्रेलर-मोटरहोम लावायचा तळ, आहे, महाग आणि तोही लवकर भरणारा. त्यानंतर थेट हरिकेन गावाकडे सरकायचं. सँड हॉलो स्टेट पार्कात हुकअपच्या जागा आहेत, तलाव आहे, मुलं खूश होतात. पण तिथून रोज सकाळी झायनला यायचं आणि पार्किंग शोधायचं. व्हिजिटर सेंटरची पार्किंग सकाळी लवकर भरते, मग गाडी स्प्रिंगडेलमध्ये पैसे देऊन लावा आणि गावाच्या मोफत शटलने पार्कच्या दाराशी या. होतं सगळं, पण मुक्कामाचा निवांतपणा जातो.

मोॲबचं उलट आहे. पार्कच्या आत जागा अगदी कमी, बाहेर पुष्कळ. आर्चेसमधलं डेव्हिल्स गार्डन हे एकच कॅम्पग्राउंड, प्रवेशद्वारापासून १८ मैल आत, फक्त ५१ जागांचं. मार्च ते ऑक्टोबर तेही सहा महिने आधी बुक होतं. प्यायचं पाणी आहे, पण वीज नाही आणि आर्चेसमध्ये डम्प स्टेशनही नाही. कॅन्यनलँड्सच्या आयलंड इन द स्काय या भागातलं विलो फ्लॅट तर १२ जागांचं, पाण्याशिवायचं आणि २८ फुटांपर्यंतच्या वाहनांसाठी. त्याच्या भरवशावर ट्रेलर घेऊन जाऊ नका.

पण ते नाही मिळालं तरी पायऱ्या आहेत. कॅन्यनलँड्सच्या वाटेवर डेड हॉर्स पॉइंट स्टेट पार्क आहे, तिथे विजेच्या जागा चार महिने आधी बुक करता येतात. मोॲब गावात पूर्ण हुकअपचे खासगी पार्क आहेत. आणि १२८ क्रमांकाच्या रस्त्यावर कोलोरॅडो नदीच्या काठाने बीएलएमची, म्हणजे सरकारी जमीन सांभाळणाऱ्या खात्याची, कॅम्पग्राउंड्स ओळीने लागतात. वीज नाही, नळ नाही, आधी येईल त्याला जागा. लाल कड्यांच्या पायथ्याशी, नदीला लागून असा मुक्काम मला कुठल्याही हुकअपपेक्षा मोलाचा वाटतो. मात्र तिथे आठवड्याच्या मधल्या दिवशी, सकाळी लोक निघायच्या वेळी पोचा. शुक्रवारी संध्याकाळी पोचून जागा मिळेल ही आशा धरू नका. ईस्टरच्या सुमाराला मोॲबमध्ये जीपवाल्यांचा मोठा मेळा भरतो, तो आठवडा पूर्ण टाळा. ऑक्टोबरच्या मध्यात युटातल्या शाळांना सुट्टी असते, तेव्हा दोन्ही बाजू भरलेल्या असतात.

वीज, ऊन आणि पाणी

बेत बहुतेक इथेच फसतात, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

झायनच्या दरीचा तळ आणि मोॲब गाव, दोन्ही साधारण ४,००० फुटांवर. जून ते ऑगस्ट पारा १०० अंश फॅरेनहाइटच्या पुढे सहज जातो. उन्हात उभा असलेला ट्रेलर दुपारी भट्टी होतो. एसी हवा असेल तर हुकअप हवं, कारण जनरेटरवर विसंबता येत नाही. वॉचमनमध्ये जनरेटरला बंदीच आहे, आणि डेव्हिल्स गार्डनमध्ये तो सकाळ-संध्याकाळच्या ठरलेल्या वेळातच चालवायची परवानगी आहे, भर दुपारी नाही. त्यामुळे उन्हाळ्यात आई-बाबांना घेऊन डेव्हिल्स गार्डनला राहायचा बेत मी करणार नाही. एप्रिलमध्ये तीच जागा स्वर्ग आहे.

थंडीचंही बघा. ब्राइसचा कडा ८,००० फुटांच्या वर आहे. तिथल्या दोन्ही कॅम्पग्राउंडमध्ये हुकअप नाही आणि मे महिन्यातही रात्री पाणी गोठण्याइतका गारठा पडू शकतो. हीटरचा पंखा रात्रभर बॅटरीवर चालला की सकाळी पाण्याचा पंप चालवायलाही वीज उरत नाही. वयस्कर माणसांना या उंचीवर चढ चढताना धाप लागते, म्हणून ब्राइसला मुक्काम न करता दिवसाची फेरी केलेली बरी.

पाण्याचा हिशोब आपल्या स्वयंपाकाने बदलतो, हे इथल्या माहितीपत्रकांत मिळणार नाही. डाळ-तांदूळ धुणं, कुकरची भांडी, कणकेची परात, सकाळचा चहा: सांडपाण्याची टाकी दोन-तीन दिवसांत भरते. वॉचमनमध्ये डम्प स्टेशन हाकेच्या अंतरावर आहे. मोॲबच्या बाजूला बीएलएमच्या जागेवरून किंवा डेव्हिल्स गार्डनहून त्यासाठी ट्रेलर जोडून गावात जावं लागतं. तेलकट भांडी आधी कागदाने पुसून घ्या, पोळ्या-थालीपिठं घरून भाजून आणा, पहिल्या दोन दिवसांचं वरण घट्ट शिजवून फ्रीजरमध्ये ठेवा. एवढ्याने एक जास्तीचा दिवस सहज मिळतो. मायक्रोवेव्ह आणि इंडक्शन हुकअपशिवाय विसरा, शेगडी गॅसवरचीच लागेल.

डेड हॉर्स पॉइंटला वीज असली तरी पाणी बाहेरून टँकरने येतं, त्यामुळे टाकी मोॲबमध्ये भरूनच वर जायचं. एक गॅलन पाण्याचं वजन ८.३ पाउंड. ४० गॅलनची टाकी भरली की ट्रेलर ३३० पाउंडांनी जड झाला, आणि तो घेऊन जवळपास २,००० फूट चढायचंय. ओढणाऱ्या गाडीची क्षमता बघताना हे वजन धरलंय ना, ते निघायच्या आधी तपासा.

दिवसभराचं फिरणं

झायनच्या मुख्य दरीत साधारण मार्चपासून नोव्हेंबर अखेरपर्यंत खासगी गाड्यांना बंदी असते, मोफत शटलनेच जायचं. ट्रेलरवाल्यांसाठी हा फार मोठा दिलासा आहे. वॉचमनमध्ये ट्रेलर लावला की गाडीची किल्ली चार दिवस हातात घ्यावी लागत नाही. पारूस ट्रेल कॅम्पग्राउंडजवळूनच सुरू होते, डांबरी आणि जवळपास सपाट आहे. शटलच्या शेवटच्या थांब्यावरची रिव्हरसाइड वॉक जाऊन-येऊन सव्वादोन मैल, तीही फरसबंद. गुडघेदुखी असलेल्या सासूबाई आणि बाबागाडीतलं बाळ, दोघांनाही झायनचं हृदय बघता येतं. हे भाग्य आर्चेसमध्ये कमी. एंजल्स लँडिंग या उंच कड्यावरच्या साखळ्यांच्या वाटेला मात्र २०२२ पासून सोडतीने परवाना मिळतो, तेव्हा तरुण मंडळींनी अर्ज आधी करावा. आणि जुलै ते सप्टेंबरच्या वळवाच्या दिवसांत नॅरोजमध्ये, म्हणजे नदीपात्रातून चालायच्या वाटेवर, अचानक लोंढा येण्याचा धोका असतो. सकाळी रेंजर सांगेल ते प्रमाण.

आर्चेसमध्ये शटल नाही. सगळं स्वतःच्या गाडीने, आणि प्रत्येक ठिकाणी पार्किंगची वाट बघत. गर्दीमुळे २०२२ पासून काही हंगाम प्रवेशाची वेळ आधी बुक करावी लागत होती. हा नियम वर्षागणिक बदलतो, तेव्हा त्या वर्षीचा नियम पार्कच्या संकेतस्थळावर बघूनच तारखा ठरवा. डेव्हिल्स गार्डनमध्ये मुक्काम असेल तर तुम्ही आधीच आत आहात, पहाटे उठून गर्दीआधी सगळं बघता येतं. डेलिकेट आर्च या दगडी कमानीची वाट जाऊन-येऊन तीन मैलांची, उघड्या खडकावरची आणि सावलीशिवायची. आई-बाबांसाठी विंडोज आणि डबल आर्चचा परिसर घ्या, थोडक्या चालण्यात पदरात पुष्कळ पडतं. लहान मुलांना सँड डून आर्चच्या गार वाळूत सोडा, ती बाहेर यायला तयार होत नाहीत.

तरी मोॲबच्या बाजूने एक गोष्ट ठामपणे म्हणावी लागेल: आकाश. झायनमध्ये तुम्ही दरीच्या तळाशी असता, दोन कड्यांमधलं आकाश दिसतं. डेड हॉर्स पॉइंटला तुम्ही पठाराच्या टोकावर असता, खाली नदीचं वळण आणि वर अमावस्येला क्षितिजापासून क्षितिजापर्यंत आकाशगंगा. मुलांना ते दाखवण्यासाठी मी झायनची शटल सोडायला तयार आहे. तिथे एक पथ्य पाळायचं. मातीवर काळपट, खडबडीत साय दिसते, ती जिवंत असते. तीच वाळवंटाची माती धरून ठेवते आणि एका पावलाने मोडली की भरून यायला वर्षानुवर्षं लागतात. मुलांना पहिल्याच दिवशी ओळखायला शिकवा.

रस्ते

झायनच्या पूर्वेचा बोगदा १९३० सालचा, १.१ मैल लांब. पूर्वी मोठ्या वाहनांना १५ डॉलर भरून, समोरची वाहतूक थांबवून सोडत. २०२६ च्या मध्यापासून हे बंद करून मोठ्या वाहनांना त्या रस्त्यावरच मनाई करायचा निर्णय पार्कने जाहीर केला. उंची ११ फूट ४ इंच, रुंदी ७ फूट १० इंच, गाडी आणि ट्रेलर मिळून लांबी ५० फूट, ही मर्यादा. नेहमीचे ट्रेलर ८ फूट रुंद असतात, म्हणजे बहुतेकांना हा रस्ता नाहीच. ब्राइसकडे ट्रेलर न्यायचा तर हरिकेन, फ्रेडोनिया, कनाब असा वळसा घ्या. त्यापेक्षा ट्रेलर वॉचमनमध्येच ठेवून रिकाम्या गाडीने बोगद्यातून ब्राइसला जाऊन येणं सोपं, एका बाजूने साधारण दोन तास.

लास व्हेगासहून झायन जवळ, सुमारे १६० मैल. व्हेगासला भाड्याने घेतलेलं वाहन असेल तर हे अंतर फार महत्त्वाचं. मोॲबला सॉल्ट लेक सिटी किंवा ग्रँड जंक्शनकडून जाणं सोयीचं. आय-७० महामार्गावर सलायना ते ग्रीन रिव्हर या १०० मैलांहून जास्त पट्ट्यात पेट्रोल पंप नाही. ट्रेलर ओढताना गाडी दुप्पट पिते, वसंतात समोरून वारा असतो, तेव्हा टाकी भरूनच निघा.

पाहुण्यांचं शुल्क

भारतातून आलेल्यांसाठी हा मुद्दा नवा आहे. १ जानेवारी २०२६ पासून अकरा पार्कांमध्ये अमेरिकेत न राहणाऱ्या, १६ वर्षं आणि त्यापुढच्या प्रत्येकाला नेहमीच्या प्रवेशशुल्कावर १०० डॉलर जास्तीचे लागू झाले. या यादीत झायन आणि ब्राइस आहेत. आर्चेस, कॅन्यनलँड्स आणि दोन्ही बाजूंच्या मधलं कॅपिटल रीफ नाहीत. इथे राहणाऱ्यांसाठीचा वार्षिक पास ८० डॉलरचा, परदेशी पाहुण्यांसाठीचा २५० चा. आई-बाबा, सासू-सासरे असे चौघे आले असतील तर हा फरक मुक्कामाच्या खर्चाएवढा होतो. झायन ठरवण्याआधी पासचे चालू नियम वाचा आणि हिशोब मांडा.

मग कुठे?

वॉचमनची विजेची जागा हाती असेल आणि सोबत वयस्कर माणसं किंवा तान्हं बाळ असेल, तर झायन, दुसरा विचार नको. जागा नसेल, किंवा बेत दोन महिन्यांवर आला असेल, तर मोॲब. तिथे तुम्हाला कुठे ना कुठे ठाव मिळेल. चार पाहुणे भारतातून आले असतील आणि चालणारे असतील, तरी मोॲबच. जुलै-ऑगस्टमध्ये हुकअपशिवाय कुठेच नाही.

एका आठवड्यात दोन्ही करू नका. दहा-बारा दिवस असतील तर मधे कॅपिटल रीफच्या फ्रुटा कॅम्पग्राउंडला थांबा. ७१ जागा, हुकअप नाही, पण पाणी आणि डम्प स्टेशन आहे, आणि चहूकडे मॉर्मन वस्तीने लावलेल्या फळबागा. हंगामात जर्दाळू, पीच, सफरचंदं स्वतः तोडून वजनावर विकत घेता येतात. ब्राइसकडून तिथे येताना १२ क्रमांकाचा रस्ता ९,००० फुटांच्या वर चढतो आणि मधे अरुंद धारेवरून जातो. तो भाग दिवसाउजेडीच, उतारावर खालच्या गिअरमध्ये पार करा.